विरोधी बाकावरचं अर्धशतक

सांगोला विधानसभा मतदारसंघाने एका माणसाला 11 वेळा आमदार केलं. 1962, 1967, 1974 ची पोटनिवडणूक, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009 आणि 2014. मधे दोनदा, 1972 आणि 1995 साली, याच मतदारसंघाने त्याच माणसाला घरी बसवलं. पक्ष पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. झेंडाही तोच, लाल. नाव भाई गणपतराव देशमुख. तालुक्यात मात्र लहानथोर सगळे त्यांना आबासाहेब म्हणत.

मी याच तालुक्यात जन्मलो, इथल्याच माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झालो. आबासाहेबांविषयी छापून आलेलं जे हाती लागलं ते वाचत आलो. बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी भेटतात : ते 11 वेळा निवडून आले आणि ते एसटीने प्रवास करायचे. दोन्ही खऱ्या आहेत. सांगोल्याच्या स्टँडवर त्यांना गाडीची वाट पाहताना ज्यांनी पाहिलं अशी माणसं आजही गावोगाव सापडतील. पण एवढ्यावर थांबलं की माणूस देव्हाऱ्यात जाऊन बसतो आणि इतिहास दाराबाहेर राहतो. एका दुष्काळी तालुक्याने सत्तेबाहेरच्या पक्षाला अर्धशतक का धरून ठेवलं, त्याच्याकडून काय मिळवलं आणि काय मिळायचं राहून गेलं, हे मला सांगायचं आहे.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस आमच्याकडे येईपर्यंत संपलेला असतो. वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडला तर बरं साल म्हणायचं, आणि तोही बराचसा परतीचा. माण नदी तालुक्यातून जाते आणि पुढे भीमेला मिळते, पण माझ्या लहानपणी वर्षातले बहुतेक महिने ती वाळूचीच नदी होती. माण, आटपाडी, सांगोला हा सगळा माणदेश. इथे जमीन कमी नाही, पाणी कमी. म्हणून माणसांनी जित्राबावर भिस्त ठेवली. खिलार बैल आणि मेंढरं ही इथली खरी संपत्ती होती आणि सांगोल्याचा जनावरांचा बाजार त्याच कारणाने नावारूपाला आला. नाझऱ्याचे श्रीधरस्वामी याच मातीतले. तीनशे वर्षांपूर्वी त्यांच्या ओव्या गावोगावच्या देवळांत पोचल्या, पण कालव्याचं पाणी काही आमच्या शिवारात पोचलं नाही. शेजारचं माळशिरस नीरेच्या उजव्या कालव्यामुळे इंग्रजांच्या अमदानीतच बागायती झालं. तिकडे ऊस उभा राहिला, मग साखर कारखाने, मग कारखान्यांवर उभं राहिलेलं राजकारण. सांगोल्यात हे घडायला मुळात ऊसच नव्हता. पश्चिम महाराष्ट्रातल्या आमदारकीचं जे ठरलेलं यंत्र, कारखाना, ऊसतोड, बँक आणि त्यांच्या जिवावर चालणारं गाव, ते इथे कुणाच्याच हाती नव्हतं. लाल झेंड्याला इथे जागा मिळाली त्यामागे हेही एक मोठं कारण आहे, असं मी मानतो.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. पुण्यात कायदा शिकले आणि वकिलीच्या निमित्ताने सांगोल्यात स्थिरावले. धनगर समाजातले. तालुक्यात हा समाज मोठा आहे, पण एका समाजाच्या मतांवर इतक्या वेळा निवडून येता येत नाही. मराठा, माळी, दलित, सगळ्या वस्त्यांवर त्यांचा माणूस असायचा आणि तो शेकापचा कार्यकर्ता म्हणून ओळखला जायचा. जात त्याच्या नंतर यायची.

शेकाप म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावं लागतं. स्वातंत्र्याच्या सुमारास काँग्रेसमधल्या सत्यशोधकी वळणाच्या मंडळींना पक्षात शेतकऱ्याचं कुणी ऐकत नाही असं वाटू लागलं. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव अशी ती माणसं. 1947 साली आळंदीला त्यांनी काँग्रेसच्या आतच संघ काढला आणि 1948 मध्ये ते वेगळे झाले. 1950 च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाला मार्क्सवादी बैठक दिली. पण मोठी नावं पक्षात फार काळ टिकली नाहीत. जेधे स्वतःच काँग्रेसमध्ये परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, 1957 च्या निवडणुकीत, पक्षाला पुन्हा तेज आलं. 1 मे 1960 ला राज्य झालं आणि यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण सुरू केलं. त्या बेरजेत शेकापची एकेक मातब्बर माणसं गेली, कऱ्हाडचे यशवंतराव मोहिते त्यांतलेच.

अशा वेळी, म्हणजे पक्ष रिकामा होत असताना, गणपतराव पहिल्यांदा निवडून आले. 1962 च्या विधानसभेत 264 जागा होत्या. काँग्रेसच्या 215, शेकापच्या 15. त्या 15 जणांत एक सांगोल्याचा तरुण वकील. सत्तेकडे जायचा रस्ता तेव्हाही उघडा होता आणि पुढे अनेकदा उघडा झाला. ते गेले नाहीत. त्यांच्या साधेपणापेक्षा मला हा नकार मोठा वाटतो. साधेपणा हा स्वभाव असू शकतो, नकार मात्र दर निवडणुकीला नव्याने द्यावा लागतो आणि दर वेळी त्याची किंमत मोजावी लागते. 1967 मध्ये ते पुन्हा आले. 1972 च्या मार्चमध्ये हरले.

आणि नेमका त्याच वर्षी दुष्काळ पडला.

मी तेव्हा सातवीत होतो. आदल्या वर्षीही पाऊस कमीच झाला होता, विहिरींचे तळ दिसत होते. 1972 चा मृग गेला, आर्द्रा गेल्या, हस्त गेला. दिवाळीपर्यंत वडिलांनी खिलारांची जोडी बाजारात नेऊन विकली. जनावरं विकायला आलेल्यांनी बाजार भरला होता आणि घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आई खडी फोडायला जाऊ लागली. आमच्या वस्तीपासून तासाभराच्या अंतरावर रस्त्याचं काम निघालं होतं. बायका गोल करून बसायच्या, एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने दगड धरलेला. बोटांना चिंध्या बांधलेल्या. मुकादम मापं घ्यायचा, मस्टरवर अंगठे व्हायचे. पगार आठवड्याचा म्हणून सांगितलेला असायचा, प्रत्यक्षात कधी दोन, कधी तीन आठवड्यांनी हाती पडायचा. घरात तांबडी मिलो ज्वारी यायची, तिच्या भाकरी थापताना तुटायच्या. आम्हा पोरांना कामावर सुकडी मिळायची, तिच्यासाठी मी शाळा बुडवून आईच्या मागे जायचो.

1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे 50 लाख माणसं अशा कामांवर होती. एवढी माणसं एका वेळी सरकारी कामावर येण्याची गोष्ट देशात त्याआधी घडली नव्हती, असं अभ्यासक सांगतात. गावाला वेगळंच दिसत होतं. मालक आणि मजूर शेजारी बसून दगड फोडत होते. पाटलाच्या घरची सून आणि मांगवाड्यातली बाई एकाच मस्टरवर होत्या. शेकाप, लाल निशाण आणि कम्युनिस्ट या पक्षांनी दुष्काळी कामांवरच्या माणसांना संघटित केलं. मागण्या अगदी साध्या होत्या : मागेल त्याला काम, वेळेवर मजुरी, कामावर पाणी आणि सावली, बाईला पुरुषाइतका दर. तहसीलवर मोर्चे निघायचे. आई त्यातल्या एका मोर्च्याला गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती तहसील कचेरीच्या आत गेली, ती त्या दिवशी.

गणपतराव तेव्हा आमदार नव्हते. सभागृहातली खुर्ची नसलेला तो काळ त्यांच्या कारकिर्दीत सगळ्यात महत्त्वाचा होता, असं माझं ठाम मत आहे. आमदार म्हणून त्यांना ओळखणारा तालुका या दोन वर्षांत त्यांना मोर्च्यातला माणूस म्हणून ओळखू लागला. 1974 ला पोटनिवडणूक लागली आणि तालुक्याने त्यांना परत पाठवलं. तिथून पुढे 1995 पर्यंत ते सलग निवडून येत राहिले.

दुष्काळातून महाराष्ट्राने एक कायदा घडवला. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे अनेक वर्षं सभापती होते. त्यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि आपल्याच भागात ती आधी करून पाहिली. तासगावही आमच्यासारखंच पावसाला पारखं. दुष्काळाच्या काळात योजना राज्यभर पसरली. तिच्या पैशासाठी 1975 पासून नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, म्हणजे मुंबईतल्या पगारदाराच्या खिशातून सांगोल्यातल्या मजुराची रोजंदारी निघू लागली. 1977 साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात एकमताने मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा, अशी त्यात तरतूद होती. मजुराला कामाचा कायदेशीर हक्क देणारं हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राने तसा कायदा केला तो 2005 मध्ये.

हे विधेयक सभागृहात आलं तेव्हा, 1977 च्या उत्तरार्धात, विधानसभेचे विरोधी पक्षनेते गणपतराव देशमुख होते. खडी फोडणाऱ्या बायकांच्या तालुक्याचा प्रतिनिधी त्या बाकावर असणं हा योगायोग असेल, पण विरोधी पक्षाने त्या कायद्याला अडवलं नाही, उलट साथ दिली, हा योगायोग नव्हता. डाव्यांनी रस्त्यावर मागितलेलंच त्यात होतं. विरोधी बाकावर बसूनही कायदा घडवता येतो, हे त्या पिढीला पक्कं माहीत होतं. शेकापकडे तेव्हा तशी माणसं होती : कृष्णराव धुळप, उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, दि. बा. पाटील, कंधारचे केशवराव धोंडगे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना या गोष्टी त्यांच्या हातात हत्यारासारख्या असत. गणपतराव त्यांच्यात कमी बोलणारे. वकिली पद्धतीने कागद काढायचे, तारीख आणि आकडा सांगायचे, मागचं आश्वासन वाचून दाखवायचे. मोठा आवाज त्यांना लागत नसे.

मंत्रिपदं त्यांना दोनदा मिळाली. 1978 च्या जुलैत शरद पवारांचं पुलोद सरकार आलं तेव्हा एकदा. ते सरकार 1980 च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं. दुसऱ्यांदा 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. तेव्हा पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे होती. ज्या योजनेचा कायदा विरोधी पक्षनेता असताना झाला, तीच योजना चालवायची पाळी वीस-बावीस वर्षांनी आली. 2002 मध्ये पक्षाने सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि तेही संपलं. अर्धशतकाच्या हिशोबात ही सत्तेची वर्षं चार-पाचच भरतात. त्यावर जास्त लिहिण्यासारखं मला फारसं दिसत नाही.

त्यापेक्षा तालुक्यात काय चाललं होतं ते पाहावं. सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. ऊस नसलेल्या तालुक्यातल्या शिकलेल्या पोराला महिन्याचा पगार देणारी जागा म्हणजे ती गिरणी. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं पुढे तिथे पाळीवर गेली. सहकारातल्या अनेक गिरण्या डोळ्यांदेखत बंद पडल्या, ही नीट चालली याचा तालुक्याला अभिमान वाटतो आणि तो योग्य आहे.

मग डाळिंब आलं. 1990 च्या सुमारास राज्य सरकारने फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली. आपल्याच रानात खड्डे घ्यायचे, रोपं लावायची आणि त्याची मजुरी योजनेतून मिळवायची. हा निर्णय शरद पवारांच्या सरकारचा, आणि माणदेशाचा चेहरा त्याने बदलला हे पक्षाभिमान बाजूला ठेवून मान्य करायला हवं. डाळिंबाला पाणी थोडं लागतं, हलकी मुरमाड जमीन चालते, म्हणजे आमच्याकडे जे होतं तेच त्याला हवं होतं. आधी गणेश, मग भगवा. ठिबकच्या नळ्या माळामाळावर पसरल्या. अजनाळ्यासारख्या गावात पत्र्याच्या घरांच्या जागी बंगले उभे राहिले आणि राज्यभरातून शेतकरी ते गाव पाहायला येऊ लागले. 28 डिसेंबर 2020 ला देशातली 100 वी किसान रेल सांगोल्यातून पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे निघाली. ज्या गावाहून बैल विकून माणसं रिकाम्या हाताने परतली होती, तिथून फळांनी भरलेली आगगाडी बंगालला गेली. अर्थात तेल्या रोगाने मोडलेल्या बागाही याच तालुक्यात आहेत. कर्ज काढून लावलेली बाग उपटून टाकताना शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर काय असतं ते मी पाहिलं आहे.

पण थोडं का होईना, डाळिंबालाही पाणी लागतंच. ते कुठून आणायचं, हा प्रश्न गणपतरावांच्या उत्तरायुष्याचा गाभा झाला.

बच्छावत लवादाने 1976 मध्ये कृष्णेचं पाणी वाटलं तेव्हा महाराष्ट्राला 560 अब्ज घनफूट मिळालं. पुढचा फेरविचार 31 मे 2000 नंतर व्हायचा होता. तोपर्यंत राज्याने आपल्या वाट्याचं पाणी अडवलं आणि वापरलं नाही तर त्यावरचा हक्क दुबळा होईल, ही भीती खरी होती. आणि पाणी अडवलं तरी ते जाणार कुणाकडे? नदीकाठच्या बागायती गावांकडे, की चढावर असलेल्या दुष्काळी तालुक्यांकडे? वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख यांनी 1993 मध्ये आटपाडीला पाणी परिषद भरवली. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतले 13 दुष्काळी तालुके एकत्र आले. मागणी सरळ होती : कृष्णेचं पाणी उचलून वर आणा, आणि आणल्यावर ते समन्यायी पद्धतीने वाटा. जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा.

या परिषदेचं मोल बाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. नागनाथअण्णा बागायतीतले, पत्री सरकारात बंदूक हाती घेतलेले. पाटणकर अभ्यासक आणि मजुरांचे संघटक. गणपतराव आमदार. तिघांचे पक्ष वेगळे, वाटा वेगळ्या. वर्षामागून वर्षं परिषद भरत राहिली. मी कित्येकदा मांडवात जाऊन बसलो आहे. धोतर आणि पटका घातलेले म्हातारे क्युसेक, टीएमसी, टप्पा, शीर्षकाम असे शब्द वापरून एकमेकांशी वाद घालायचे. निरक्षर माणसांनी पाटबंधारे खात्याची भाषा शिकून घेतली होती, कारण त्याच भाषेत त्यांना आजवर नकार मिळत आला होता. लोकशिक्षण याहून वेगळं काय असतं?

कृष्णा खोरे विकास महामंडळ 1996 मध्ये स्थापन झालं ते शिवसेना-भाजप सरकारच्या काळात. त्याच वर्षी टेंभू योजनेला मान्यता मिळाली. कऱ्हाडजवळ कृष्णेतून पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्याने चढवत खानापूर, आटपाडी आणि सांगोल्यापर्यंत न्यायचं. म्हैसाळची योजनाही अशीच, मिरजेकडून वर येणारी. कामं रखडली, निधी थांबला, पंप बसले तर विजेची बिलं थकली. गणपतराव त्या प्रत्येक अडथळ्यामागे लागून राहिले. पाणी माणेत उतरलं आणि बंधारे भरले तेव्हा ते म्हातारे झाले होते, आणि मांडवातले बरेच पटकेवाले ते पाहायला उरले नव्हते.

अर्धशतकातला सगळ्यात चटका लावणारा आकडा 192 आहे. 1995 मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांच्याकडून गणपतराव 192 मतांनी हरले. पाणी परिषद सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. आमच्या वस्तीवर त्या रात्री चुली पेटल्या नाहीत असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. काहींनी गुलालही उधळला. लोकांचं म्हणणं होतं की सतत विरोधी पक्षाचा आमदार देऊन तालुक्याचं नुकसान होतंय, सत्तेतला माणूस पाठवला तर पाणी लवकर येईल. हा विचार मी तुच्छतेने उडवून लावणार नाही. टँकरची वाट बघत उन्हात उभ्या राहिलेल्या बाईला तो पटणं साहजिक आहे. पण शेजारी पाहिलं तर काय दिसतं? माण, खटाव आणि जत या तालुक्यांनी बहुतेक वेळा सत्तेतलीच माणसं निवडून दिली. कृष्णेचं पाणी त्यांच्याकडेही लवकर आलं नाही. पाणी अडलं होतं ते आमदाराच्या पक्षामुळे नाही. राज्याने आधी कुणाला पाणी द्यायचं ठरवलं होतं त्यामुळे अडलं होतं. हे पाटबंधाऱ्यांच्या नकाशावर कुणालाही पडताळून पाहता येईल.

1999 मध्ये तालुक्याने आबासाहेबांना परत बोलावलं. 2014 मध्ये, नव्वदीकडे झुकलेल्या वयात, मोदी लाटेच्या त्या वर्षी, त्यांनी त्याच शहाजीबापूंचा 25 हजारांहून जास्त मतांनी पराभव केला. त्या निवडणुकीत वस्तीवस्तीवर लोकांनी वर्गणी गोळा केली. शेकापची ही जुनीच रीत आहे. उमेदवाराने पैसे वाटण्याऐवजी मतदाराने उमेदवाराला पैसे द्यायचे. माझ्या आईने पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले होते, ते मला चांगलं आठवतं.

आता न झालेल्या गोष्टींकडे. शेकापच्या जागांचा उतार पाहावा : 1967 ला 19, 1972 ला 7, 1978 ला 13, 1990 ला 8, 1999 ला 5, 2004 ला 2, 2014 ला 3. मराठवाड्यातला पक्ष संपला, सातारा-सांगली-कोल्हापुरातला विरला, उरला रायगडात आणि सांगोल्यात. एक माणूस एका तालुक्यात इतका घट्ट उभा राहिला, पण पक्ष त्याच्याभोवती आकसत गेला. राज्यभर फिरून नवी पिढी घडवणं हे एकट्या गणपतरावांचं काम नव्हतं हे मान्य, तरी ज्येष्ठतम नेता म्हणून त्याचा काही दोष त्यांच्याकडे जातोच. शहरात गेलेल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या तरुणाला शेकापने नवं काही सांगितलं नाही. दाभाडीच्या प्रबंधानंतर तेवढ्या ताकदीचा विचार पक्षाने पुन्हा मांडला नाही. माझ्यासारख्या, आयुष्यभर याच पक्षाला मत दिलेल्या माणसाला हे लिहिताना वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट वारसाची. 2019 मध्ये वयामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत. उमेदवारी त्यांच्या नातवाला, अनिकेत देशमुख यांना मिळाली, आणि ते 768 मतांनी हरले. विजयी झाले शहाजीबापू, या वेळी शिवसेनेतून. पंचावन्न वर्षांहून जास्त काळ सामान्य कार्यकर्त्यांच्या बळावर उभा राहिलेला पक्ष शेवटी त्याच घराकडे वळला. मला स्वतःला एखादा चळवळीतून आलेला कार्यकर्ता तिथे पाहायला आवडला असता. तालुक्यातल्या अनेकांना तसं वाटत नाही, आणि त्यांचा अधिकार माझ्याएवढाच आहे. 2024 मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. 288 जणांच्या सभागृहात शेकापचा तो एकच आमदार.

गणपतराव 30 जुलै 2021 ला सोलापुरात गेले, वयाच्या 94 व्या वर्षी. त्यांनी पाहिलेल्या मुख्यमंत्र्यांची यादी यशवंतराव चव्हाणांपासून उद्धव ठाकरेंपर्यंत जाते. त्यांनी पाहिलेल्या दुष्काळांची यादीही लहान नाही : 1972, 2003, 2012, 2018. 1972 ला माणसं खडी फोडत होती, 2003 पासून पुढे जनावरं चारा छावणीत उभी राहिली. या काळात माणदेशातून भुकेने मरण गेलं. स्थलांतर गेलेलं नाही. टँकर कमी झाले, थांबलेले नाहीत. माझा निवाडा एवढाच, की हे जे साधलं ते विरोधी बाकावरून साधलं, आणि सांगोल्याने एका माणसाला इतकी वर्षं त्या बाकावर बसवलं म्हणून साधलं. श्रेय द्यायचं तर त्या माणसाइतकंच मतदारांनाही द्यायला हवं.

एक विनंती करून थांबतो. गणपतरावांची सभागृहातली भाषणं विधानसभेच्या कामकाजाच्या छापील खंडांत विखुरलेली आहेत. पाणी, रोजगार हमी आणि शेती या विषयांवरची तरी त्यांतून काढून एकत्र छापली पाहिजेत, आणि ते काम तालुक्यातल्या महाविद्यालयांनी हाती घ्यावं. सांगोला, आटपाडी आणि माणमधल्या घरांत 1972 ची मस्टरं, मोर्च्यांची पत्रकं, पाणी परिषदेचे ठराव, जुन्या निवडणुकांच्या वर्गणीच्या पावत्या अजून ट्रंकांत आणि माळ्यावर पडून आहेत. घर पाडताना किंवा म्हातारं माणूस गेल्यावर हे कागद रद्दीत जातात. ते रद्दीत घालू नका. जवळच्या शाळेत किंवा सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्या, आणि देताना कागद कुणाचा, कुठल्या गावचा, कुठल्या सालचा, हे मागच्या बाजूला लिहून द्या.